वरातीचा ट्रम्पेट न्यू ऑर्लिन्सला

पत्र

ताई, नमस्कार. मी वीस वर्षांचा आहे, पाचपावलीत राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा लग्नाचा बँड आहे. आजोबांनी सुरू केला, आता बाबा मास्टर आहेत. मी शाळेत असल्यापासून ट्रम्पेट वाजवतो. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात अमेरिकेचे काही जॅझवाले आले होते, त्यांनी कार्यशाळा घेतली. नंतर आमचं रेकॉर्डिंग मागवलं आणि सांस्कृतिक आदानप्रदानाच्या कार्यक्रमासाठी नागपुरातून सहा जणांना निवडलं. त्यात मी आहे. एप्रिलच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी न्यू ऑर्लिन्सला जायचं आहे. तिकीट, राहणं, जेवण त्यांचं, वर थोडा भत्ता.

बाबा म्हणून राहिले, ‘ऐन सीझनमध्ये मेन ट्रम्पेटवालाच गेला तर वरात काय टाळ्या वाजवून काढू?’ अक्षय तृतीयेच्या आसपासच्या तारखांचा बयाणा घेऊन झाला आहे. आई वेगळीच घाबरून राहिली, तिला वाटते पोरगा तिकडेच राहील.

दुसरी गोष्ट. ग्रुपमधले बाकीचे पाच जण क्लासमध्ये शिकलेले, ग्रेडच्या परीक्षा दिलेले. मला नोटेशन वाचता येत नाही, इंग्रजी तोडकंमोडकं. एकानं हसत विचारलं, ‘भाऊ, तू तो नागीण डान्सवाला का बे?’ आणि आमच्या समन्वयक मॅडमनी माझ्या परिचयातलं ‘लग्नाचा बँड’ खोडून ‘पारंपरिक संगीतकारांच्या कुटुंबातून’ असं केलं. म्हणाल्या, तिकडे ते चांगलं दिसते. मी जावं का? आणि गेलोच तर तिथं वाजवू काय?

— नाव राखून ठेवले आहे, नागपूर

उत्तर

जा. आणि लग्नाच्या बँडचा मुलगा म्हणूनच जा. वडिलांचा मुद्दा मी शेवटी घेते, कारण सगळ्यात वजनदार तोच आहे आणि तुझ्या पत्रात तो दोन ओळींत उरकलेला आहे.

आधी ते खोडलेलं वाक्य. तू चालला आहेस ते गावच मुळी रस्त्यानं चालत वाजवणाऱ्या ब्रास बँडचं आहे. तू ज्या विमानतळावर उतरशील त्याला लुई आर्मस्ट्राँगचं नाव दिलेलं आहे. हा माणूस १९०१ मध्ये त्याच शहरातल्या एका अत्यंत गरीब वस्तीत जन्मला. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री नव्या वर्षाच्या धुंदीत त्यानं हवेत पिस्तूल उडवलं, पोलिसांनी धरलं आणि सुधारगृहात टाकलं. तिथल्या मुलांच्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, शिकला. सुटल्यावर मिरवणुकांत, अंत्ययात्रांत वाजवत मोठा झाला. आणि तुला ज्याची लाज वाटते आहे ते नोटेशन? तेही त्याला सुरुवातीला धड वाचता येत नव्हतं. मिसिसिपी नदीवरच्या प्रवासी बोटींवर फेट मॅरेबल नावाच्या मास्टरकडे काम लागलं तेव्हा कुठे त्याचं वाचन पक्कं झालं. त्या वेळी तो साधारण तुझ्याच वयाचा होता.

न्यू ऑर्लिन्सला अंत्ययात्रेत बँड असतो हे तू ऐकलं असशील. त्याचं तंत्र नीट बघ. जाताना भजनांच्या संथ चाली वाजतात. जुने ड्रमवाले साइड ड्रमच्या खालच्या तारांमध्ये रुमाल घालत, म्हणजे त्या खडखड वाजत नाहीत आणि आवाज दबका येतो. मृताचा निरोप घेऊन झाला की रुमाल बाहेर काढायचा, ड्रम कडाडायचा आणि त्याच बँडनं नाचायला लावणाऱ्या चाली सुरू करायच्या. बँड आणि घरची माणसं ही पहिली रांग. मागून छत्र्या आणि रुमाल फिरवत नाचत येणारा लोंढा तो ‘सेकंड लाइन’. अशा मिरवणुका आजही रविवारी निघतात, आणि त्या काढणारी मंडळं आहेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली. आजारपणाचा आणि मातीचा खर्च वर्गणीतून भागवण्यासाठी लोकांनी मुळात ती उभी केली होती.

आता मला सांग, तुझ्या ग्रुपमधल्या कुणाला चालत वाजवता येतं? चौकात वरात थांबली की नवरदेवाच्या मित्रांच्या पायांकडे बघून चाल कधी चढवायची, मामा दमले की कधी उतरवायची, समोरून ट्रक आला तर सूर न तोडता बाजूला कसं व्हायचं, हे कुठल्या ग्रेडच्या परीक्षेत विचारतात? न्यू ऑर्लिन्सच्या वादकांना हे तुझ्याकडून ऐकायला आवडेल, कारण त्यांचं रोजचं कामच ते आहे.

मॅडमचा हेतू वाईट नसावा. आपल्याकडे बँडवाल्यांना पंगती उठल्यावर जेवायला बसवतात, त्या सवयीतूनच ‘चांगलं दिसत नाही’ हे तोंडात येतं. पण व्यवहार म्हणूनही ती दुरुस्ती महागात पडेल. ‘पारंपरिक संगीतकारांचं कुटुंब’ वाचून तिकडचे लोक तुझ्याकडे आलाप मागतील, तो तू कुठून आणणार? त्यापेक्षा हा मजकूर मॅडमकडे पाठव आणि इंग्रजी तेवढं त्यांनाच करू दे:

‘माझं घर नागपूरच्या लग्नाच्या बँडचं आहे. आजोबांनी बँड काढला, वडील तो चालवतात, मी त्यात पहिला ट्रम्पेट वाजवतो. आम्ही लग्नाच्या वरातीत आणि सणांच्या मिरवणुकांत रस्त्यावर वाजवतो. तुमच्या सेकंड लाइनमध्ये चालत वाजवायला मिळावं अशी माझी इच्छा आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. असल्या कार्यक्रमांत यजमान विचारतात, ‘तुम्हाला काय बघायचं आहे?’ आणि आपली मुलं संकोचानं ‘एनीथिंग’ म्हणतात. मागितल्याशिवाय मिळत नाही.

त्या ‘नागीण डान्स’वाल्या मित्रावर चिडू नकोस, त्याला फक्त एक फोटो शोधायला सांग. १९५६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जॅझवाल्यांना सांस्कृतिक दूत म्हणून बाहेर पाठवायला सुरुवात केली, त्यात पहिला मान ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीचा. कराचीत तो एका गारुड्याजवळ जाऊन त्याच्याबरोबर ट्रम्पेट वाजवत बसला. दोन वर्षांनी डेव्ह ब्रूबेक याच योजनेतून तुर्कस्तान, भारत असा फिरला. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्यानं दोन-दोन-दोन-तीन अशी नऊ मात्रांची लय ऐकली, आणि १९५९ मध्ये आलेल्या त्याच्या सर्वात गाजलेल्या तबकडीची सुरुवातच त्या लयीनं होते. तेव्हा तिथं कुणी नागीण वाजव म्हटलं तर खुशाल वाजव. सगळ्यात मोठी टाळी तिलाच पडली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वाजवायचं काय, हा तुझा प्रश्न. तुझ्या बँडचं तेच वाजव, फक्त निवडून. वरात निघताना, अर्ध्या वाटेत आणि मांडवाच्या दारात चाल कशी बदलते हे तीन तुकड्यांत बांध. मारबतीच्या मिरवणुकीचं सांग. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत पुतळे शहराबाहेर नेऊन जाळणारं गाव त्यांना लगेच कळेल, तेही मिरवणुकीचेच लोक आहेत. आणि एक कर, फ्यूजनच्या नादी लागून हातात बासरी घेतलेला कुणी गळ्यात पडला तर लांब राहा. हे माझं वैयक्तिक मत आहे, पण मी ते बदलणार नाही.

त्यांचं शिकायला मात्र आतापासून बस. ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला गाण्याचा साचा, तुला वाटतो तितका परका नाही. बारा बार, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. सा धरून मोजलं तर सा-च्या कॉर्डवर चार बार, म वर दोन, परत सा वर दोन, मग प वर एक, म वर एक आणि सा वर दोन. हे डोक्यात फिरत राहिलं पाहिजे, बाकी सगळी फिरत तुझी. सुरांची नावं घाबरवतील, पण तुझ्या मास्टरांची हार्मोनियमची भाषा वापर. पिस्टन न दाबता तुझा जो मूळ सा निघतो ती हार्मोनियमवरची काळी पाच, तिकडे तिला बी-फ्लॅट म्हणतात. एफ म्हणजे पांढरी चार. गोंधळ एकच होतो. ट्रम्पेटवाल्यांच्या कागदावर सूर एक स्वर वर लिहिलेला असतो. पियानोवाला ‘एफ’ म्हणाला की ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर तो ‘जी’ असतो. रोज अर्धा तास दिलास तर जायच्या आधी साधं नोटेशन अडखळत का होईना वाचशील, आणि तेवढं पुरे. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची सवय लाव. आपला कान समेकडे ओढतो, तिथं पहिल्यावर टाळी दिली की सगळे वळून बघतात.

इंग्रजीची भीती रंगमंचापुरती तरी सोड. वादक खुणांनी बोलतात. कुणी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की मूळ चालीवर परत यायचं. चार बोटं दाखवली की चार-चार बारांची सवाल-जवाबी.

तुझा ट्रम्पेट बहुधा मेरठचा असेल, आपल्या बँडांची बहुतेक पितळी वाद्यं तिथलीच. मोबाइलवर ट्यूनर घे, वाजवून वाद्य गरम झाल्यावर सूर तपास. एकटं किंवा आपसांत वाजवताना थोडं इकडेतिकडे चालून जातं, पियानोसोबत उघडं पडतं. चढा असेल तर ट्यूनिंगची नळी ओढून उतरेल. ओढूनही जुळत नसेल तर यजमानांना आत्ताच कळव, तिथं ते उसना ट्रम्पेट देऊ शकतील. खरी अडचण आवाजाची आहे. तू गाडीवर ढोल आणि भोंगे लावून वाजणाऱ्या धुमालशी झुंजत वाजवलेला पोरगा, आणि तिथं चाळीस माणसांच्या खोलीत वाजवायचं आहे. इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप घे, दांडा काढून टाक आणि नुसती वाटी ट्रम्पेटच्या तोंडाशी उघडझाप करत वाजवून बघ. विनोद नाही, जॅझमधले थोर ट्रम्पेटवाले हेच वापरत आले आहेत. ट्रम्पेट बोलायला लागतो. आवाजही थोडा दबतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. अशा आदानप्रदानासाठी साधारणपणे जे-१ व्हिसा लागतो आणि त्यासाठी यजमान संस्थेकडून डीएस-२०१९ नावाचा फॉर्म यावा लागतो. तो आल्याशिवाय मुंबईच्या मुलाखतीची घाई नको. कुणी ‘सध्या टुरिस्ट व्हिसावर चला, पुढचं बघू’ म्हणालं किंवा अनामत म्हणून रोख मागितली, तर तिथंच थांब. वाद्यवृंदाच्या नावावर माणसं परदेशी पोहोचवायचा कबुतरबाजीचा धंदा आपल्याकडे जुना आहे. म्हणूनच व्हिसा अधिकारीही कलाकारांना खोदून विचारतात. तिकीट, राहणं, भत्ता, आरोग्य विमा, परतीची तारीख हे सगळं लेखी घे आणि तो कागद आईला वाचून दाखव, तिच्या भीतीवर तोच उतारा आहे. पासपोर्टवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का बघ. ट्रम्पेट सामानात टाकू नकोस. अमेरिकी विमान कंपन्यांना तिथल्या नियमानुसार वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये घ्यावंच लागतं. इतर कंपन्यांकडून आधी लेखी विचारून घे, आणि चढताना रांगेत पुढे राहा. पिस्टनच्या तेलाची बाटली १०० मिलीच्या आतली. तिथं दारूचं कायदेशीर वय २१ आहे, तुझं २०, तेव्हा तो विषय आपोआप मिटला. काही क्लबांत तर आतच घेणार नाहीत, रुसू नकोस. गंबो नावाच्या तिथल्या दाट रश्श्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि कोळंबी असते. खात नसशील तर ताट समोर येण्याआधी विचार.

आता वडील.

बयाणा घेतला म्हणजे शब्द दिला. नवरीच्या बापानं तारीख धरून पैसे मोजले आणि त्या दिवशी बँडचा मुख्य आवाजच नाही, हे बँडच्या नावाला परवडत नाही. एप्रिल-मेच्या कमाईवर पुढचे किती महिने घर चालतं हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. धुमाल आणि डीजेनं आधीच निम्मी लग्नं नेली असताना उरलेल्यांत फजिती झाली तर पुढच्या वर्षी फोन येत नाहीत. तेव्हा ‘बाबांना कलेचं कळत नाही’ असं मनातही आणू नकोस. ते मालक म्हणून बरोबर बोलत आहेत.

मला शंका अशी आहे की त्यांना सीझनपेक्षा आणखी एक काळजी आहे, जी ते बोलत नाहीत: परत आल्यावर हा पोरगा डोक्यावर दिवे घेतलेल्या माणसांच्या रांगेपुढे उभा राहून वाजवेल का? याचं उत्तर तुझं तुलाच माहीत. ते ‘नाही’ असेल तर आत्ताच सांग, तेही त्यांना फसवण्यापेक्षा बरं. ‘हो’ असेल तर ते नुसतं म्हणून चालणार नाही, बँडला यातून काय मिळणार ते सांगता आलं पाहिजे.

आणि मिळण्यासारखं आहे. न्यू ऑर्लिन्सचे ब्रास बँडही एकेकाळी संपत आले होते, म्हातारे वादक उरले होते. १९७० च्या सुमारास डॅनी बार्कर नावाच्या जुन्या वादकानं एका चर्चच्या आधारानं वस्तीतल्या पोरांचा बँड उभा केला. पुढे १९७७ मध्ये डर्टी डझन, १९८३ मध्ये रिबर्थ असे बँड निघाले. त्यांनी मिरवणुकीच्या वाद्यांवर नव्या काळाची नाचाची गाणी आणली, आणि रस्त्याबरोबर रंगमंचही मिळवला. तू तिथं असताना वाजवण्याबरोबर हेही विचार: एका मिरवणुकीचा दर कसा ठरतो, पैसे कसे वाटले जातात, नव्या पोरांना कोण शिकवतं, लग्नाखेरीज कुठं कुठं बोलावणं येतं. वडिलांसाठी वही भरून आण. त्यांना यातलं सगळं पटेल असं नाही, पण मुलगा धंद्याचं बघून आला हे त्यांना दिसेल.

जायच्या आधी त्यांना एक विषय काढून दे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, वसंतराव देशपांडे त्यांचे सहाध्यायी. त्याच चितळकरांनी पुढे मुंबईत चिक चॉकलेट या गोव्याच्या जॅझ ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरलं. त्याला ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’ म्हणत. १९५१ चा ‘अलबेला’ हा चित्रपट त्यांच्या जोडीनं गाजवला. त्यातली गाणी आजोबांच्या काळात तुमच्या बँडनं वाजवली असतील का, विचार. असतील तर वडिलांकडून त्यातला ट्रम्पेटचा तुकडा बसवून घे आणि तोच तिथं वाजव. जॅझ तुमच्या घरात आजोबांपासून आहे असं मग तू परिचयात आणखी एक वाक्य घालू शकतोस, तेही खरं.

पण या सगळ्याआधी हिशेब. बयाण्याची वही आज रात्री काढ. तुझ्या तीन आठवड्यांत पडणाऱ्या तारखा वेगळ्या लिही. बदलीचा ट्रम्पेटवाला आत्ताच शोध. ऐन तारखेला सगळेच बुक असतात आणि दर दुप्पट होतो. नागपुरात नाही मिळाला तर कामठी, भंडारा, वर्धा इथल्या बँडवाल्यांना वडिलांची ओळख असेलच. काही तारखांना क्लॅरिनेट पुढे घेऊन भागेल का, हे वडिलांनाच विचार, ते मास्टर आहेत. बदलीवाल्याचे पैसे तुझ्या भत्त्यातून जातील असं सांग, आणि भत्ता हातात केव्हा पडतो ते आयोजकांना आजच विचार. तो तिथं पोहोचल्यावर मिळणार असेल तर इथं उधारीची सोय लागेल. बदलीवाल्याला तुमच्या गाण्यांची यादी आणि चालींचं रेकॉर्डिंग देऊन दोन तालमी तू स्वतः घे. निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत वरातीत उभा राहा.

हे सगळं एका कागदावर मांडून वडिलांसमोर ठेव, मग ‘जाऊ का’ म्हणून विचार. परतीचं विमान शनिवारी उतरत असेल तर रविवारच्या वरातीला तू हजर आहेस, हेही त्याच कागदावर लिही. झोप झालेली नसेल, पण ट्रम्पेटवाल्याची झोप कुठल्या सीझनमध्ये होते?